घडीभराचा डाव



आमच्या गटाच्या खोलीत हिशेबासाठी एक जुना कॉम्प्युटर आला, तेव्हाची गोष्ट. आमच्यातली एक जण दुपारी त्यावर पत्ते खेळत बसायची. घरी भांडी पडलेली, दळण राहिलेलं. आम्हीच तिला बोललो, "बाई, घरात कामं नाहीत का तुला?" ती गप्प उठली आणि दुसऱ्या दिवसापासून यायचीच बंद झाली. तेव्हा आमचं आम्हालाच वाटलं, बाईनं खेळणं एवढं वाईट कधीपासून झालं?

आपल्या संभाजीनगरपासून तासाभरावर वेरूळ आहे. तिथं एकवीस नंबरच्या लेणीत शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेत. खाली गण नंदीची खोडी काढतायत. हे कोरलं त्याला हजार वर्षांहून जास्त काळ झाला. पार्वतीला कुणी विचारत नाही, चूल कोण पेटवणार म्हणून.

आपल्या आज्यांनीही वाट काढलीच होती. नागपंचमीला तवा ठेवायचा नाही, चिरायचं-कापायचं नाही. मग दिवसभर झोका, फुगडी, फेर. कामातून सुटका हवी, तर ती सणाच्या नावानं मिळायची. पण वर्षातून एकदाच.

आता त्या कॉम्प्युटरवरच्या पत्त्यांचं ऐका. त्याचं नाव सॉलिटेअर. अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्ट कंपनीत शिकाऊ म्हणून आलेल्या वेस चेरी या मुलानं तो तयार केला. पानांची चित्रं सुझन केअर या बाईंनी काढली. १९९० साली विंडोजबरोबर तो घराघरांत, ऑफिसांत पोचला. त्या काळी माउस लोकांना नवा होता. बटण दाबून धरायचं, पान ओढायचं, जागेवर सोडायचं. खेळता खेळता लोकांचा हात बसला. म्हणजे ती दुपारी नुसता वेळ घालवत नव्हती, तिचा हातही तयार होत होता.

मोबाईलवरचा लुडोही आपलाच. आपल्या पचिशीवरून इंग्लंडमध्ये लुडो बनला, त्याचं पेटंटही घेतलं गेलं. २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या एका कंपनीनं तो लुडो किंग नावानं मोबाईलवर आणला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरोघरी तोच चालू होता. तेव्हा पुरुषांना कुणी कामं विचारली का?

सरकारनं २०१९ मध्ये देशभर वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटं. म्हणजे जवळजवळ पाच तास आणि दीड तास. आपण काम टाळलं तरी ते दुसरं कुणी करत नाही. भांडी तिथंच वाट बघतात.

एक मात्र सांगतो, पैसे लावायचा खेळ नको. द्यूतात घर कसं जातं, हे द्रौपदीपासून आपल्याला माहीत आहे.

मग आम्ही तिच्या घरी गेलो. "चुकलं आमचं," म्हणालो. ती परत यायला लागली. आता गटाचा हिशेबही तीच कॉम्प्युटरवर भरते. पण पत्ते खेळताना तिचं अर्धं लक्ष अजून दाराकडे असतं, कुणी बघतंय का म्हणून.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एकमेकींना एवढंच विचारा: या आठवड्यात तू काय खेळलीस?