मुजुमदार बेंगळूरहून आले

व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकात नियंत्रणाची कथा फ्रान्समधल्या कोळशाच्या खाणीत सुरू होते. आंरी फेयोल या खाण-इंजिनिअरने १९१६ साली व्यवस्थापनाची पाच कामे सांगितली. त्यातले शेवटचे नियंत्रण : ठरले काय होते, झाले काय, आणि फरक का पडला. परीक्षेला एवढे पुरते. मला मात्र या कामाचा एक जुना पत्ता बेंगळूरच्या चामराजपेटेत लागला आहे.

पेठ १८९२ ची, तिला लागून असलेला किल्ला त्याहून कितीतरी जुना. केंपेगौडाने तो मातीचा बांधला, हैदरअलीने १७६१ मध्ये दगडी केला. मधल्या काळात, १६३८ नंतर, बेंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती. बखरकार सभासद सांगतो की शिवाजीराजे बारा वर्षांचे असताना शहाजीराजांनी त्यांना बेंगळूरहून पुण्याला पाठवले आणि सोबत माणसे दिली : शामराव नीलकंठ पेशवे, बाळकृष्णपंत मुजुमदार, सोनोपंत डबीर, रघुनाथ बल्लाळ सबनीस.

ही यादी आपण ‘स्वराज्याचे पहिले मंत्रिमंडळ’ म्हणून वाचतो आणि पुढे जातो. मी मुजुमदारापाशी अडलो. पुण्याचा कारभार बघायला दादोजी कोंडदेव होतेच, आणि त्यांच्या सचोटीवर शहाजीराजांचा भरवसाही होता. मग जमाखर्च तपासणारा वेगळा माणूस कशाला? माझे उत्तर असे की भरवसा आणि तपासणी ही दोन खाती आहेत, हे शहाजीराजांनी ओळखले होते. खर्च करणाऱ्यानेच खर्च तपासायचा नाही, हे नियंत्रणाचे मूळ सूत्र त्या नेमणुकीत आहे.

यावर आक्षेप ठरलेला : मुजुमदार हे पद निजामशाहीत, आदिलशाहीत आधीपासून होते, नावच मुळी फारसी वळणाचे. कबूल. पण सुलतानाच्या दरबारात हिशेबनीस असणे वेगळे आणि बारा वर्षांच्या मुलाच्या जहागिरीत पहिल्याच दिवशी तो असणे वेगळे. याच मुलाने पुढे गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तिघे नेमून एकाच्या हाती गड राहू दिला नाही. १६७४ च्या राज्याभिषेकात मुजुमदाराचा अमात्य झाला. पेशवाईत मामलेदाराला पुण्याहून खर्चाचा आजमास मिळे, वर्षअखेर त्याचा हिशेब या आजमासाशी ताडला जाई, आणि दरकदारांच्या, म्हणजे नेमून दिलेल्या हिशेबी अधिकाऱ्यांच्या, सहीशिवाय कागद चालत नसे. दरकदाराला काढून टाकणे मामलेदाराच्या हातात नव्हते. फेयोलने याहून नवे काय सांगितले?

आता माझा लाडका, आणि जास्त भांडणाचा तर्क. १६८७ मध्ये बेंगळूर भोसल्यांकडून गेले आणि तीन लाख रुपयांत म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे आले. त्यांनी पुढे ‘अठरा कचेरी’, म्हणजे कारभाराची अठरा खाती, उभारली. त्यात जकातीची सुंकद चावडी होती, आणि लोण्यावरून नाव पडलेली, गाईगुरांची बेण्णे चावडीसुद्धा. म्हैसूरचे इतिहासकार हा नमुना मोगलांचा मानतात, कारण १७०० च्या सुमारास चिक्कदेवराजांचे वकील औरंगजेबाकडे जाऊन आले होते. पण शिवशाहीतही कारखाने अठराच! आकड्याचा मोह सोडा, असे कोणी म्हणेल. पुराणे अठरा, पर्वे अठरा, मग कचेऱ्या का नकोत? तरीही मला वाटते, जहागीर विकली गेली म्हणून कारकून विकले जात नाहीत. पन्नास वर्षे भोसल्यांच्या वह्या लिहिणारे हात बेंगळुरातच राहिले असणार. वकिलांनी दिल्लीची मोहर आणली असेल, वहीची शिस्त घरचीच होती.

अठरा हा आकडा मात्र टिकला. १८३१ पासून म्हैसूरचे सचिवालय चामराजपेटेजवळच्या टिपूच्या उन्हाळी महालात होते. १८६८ मध्ये ते कब्बन पार्कच्या कडेला, नव्या लाल इमारतीत गेले. तिला ‘अठरा कचेरी’ हेच नाव पडले, आणि आज तिथे कर्नाटकचे उच्च न्यायालय भरते.