पर्यंक : बैठक की शयन?

भद्रावतीच्या पार्श्वनाथ मंदिरातील बैठ्या मूर्तीविषयी पोंभुर्ण्याच्या वर्गात बोलताना आम्ही 'पर्यंकासन' हा शब्द वापरला. योगवर्गाला जाणाऱ्या एका विद्यार्थिनीने हरकत घेतली : पर्यंकासनात पाठ मागे झुकवून डोके जमिनीला टेकवतात, मूर्ती तर ताठ बसलेली आहे. तिची हरकत रास्त होती. आमचे त्या दिवशीचे उत्तर मात्र अपुरे होते.

पर्यंक म्हणजे मंचक. पर्यंक, पल्यंक, पल्लंक या मार्गाने आपला 'पलंग' आला. 'पालखी'ही त्याच कुळातली. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात आसनांच्या यादीत 'पर्यंक' येतो, पण तेथे केवळ नाव आहे. त्याचा खुलासा नवव्या-दहाव्या शतकातील वाचस्पतिमिश्र करतात : हात गुडघ्यांपर्यंत पसरून निजणे. म्हणजे शयनच.

बाराव्या शतकातील हेमचंद्र आपल्या 'योगशास्त्रा'त निराळे सांगतात. मांड्या-पोटऱ्यांची घडी घालून बसावे आणि नाभीपाशी उताणे हात एकावर एक ठेवावेत, हा त्यांचा पर्यंक. प्राकृत व्याकरणकार म्हणून आपण ज्यांना अभ्यासतो, तेच हे हेमचंद्र. पातंजल परंपरेतील शयनाचा अर्थ त्यांना ठाऊक होता. स्वतःच्या वृत्तीत ते त्याची नोंद करतात. तरी व्याख्या त्यांनी बैठकीचीच दिली, कारण जैन परंपरेत महावीरांचे निर्वाण या आसनात मानले जाते. जिनमूर्तीही मुख्यतः दोनच स्थितींत घडवतात : उभी ती कायोत्सर्गात, बैठी ती पर्यंकात किंवा पद्मासनात.

विद्यार्थिनीचे पर्यंकासन पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या 1966 सालच्या 'लाइट ऑन योगा' या ग्रंथातील आहे. 'योगदीपिका' या नावाने तो मराठीत आला. वीरासनातून मागे झुकायचे, छाती उचलून माथा जमिनीला टेकवायचा. शरीराचाच मंचक होतो.

येथे कोणाचाही अर्थ चुकलेला नाही. चूक होते ती एका परंपरेचा अर्थ दुसरीच्या ग्रंथावर लादताना. आज योगाच्या पुस्तकातला अर्थ विद्यार्थ्यापर्यंत आधी पोचतो आणि जुन्या मूर्तिवर्णनातील 'पर्यंकस्थ' त्याला लेखकाची चूक वाटू लागते. कोशात अर्थ पाहताना तो कोणत्या परंपरेतला, हेही शोधण्याची सवय आपण वर्गात लावली पाहिजे. त्या विद्यार्थिनीला आम्ही हे पुढच्या तासाला सांगितले.