लग्नगड्याची बायको

डहाणू-तलासरीचा इतिहास म्हटला की १९४५ सालचा वारल्यांचा उठाव आठवतो. झरी गावची सभा, शामराव आणि गोदावरी परुळेकर आठवतात. मी मात्र त्यात लग्नगड्याची बायको शोधतो. लग्नासाठी सावकाराकडून काढलेले कर्ज वारली अंगमेहनतीने फेडी. ते फिटत नसे, आणि नवऱ्यामागून बायकोही त्याच वेठीला जुंपली जाई. दिवस गेले म्हणून लावणीच्या चिखलातून सुटका कुठली! ती पोट सांभाळीत राबली. तिच्या मनाचे काय झाले, याची नोंद सावकाराच्या वहीत असणार कशी?

उठावाने लग्नगडी मोडली. गर्भारपणी मन का खचते, हे डॉक्टरांनीही फार उशिरा विचारले. २००२ साली गोव्यातील मातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर ६ ते ८ आठवड्यांनी २३ टक्के माता खिन्नतेने ग्रासलेल्या आढळल्या. गरोदरपणीच खचलेले मन, दारिद्र्य, नवऱ्याशी बेबनाव ही त्यामागची कारणे निघाली. (मुलगी झाल्याचा घरच्यांचा रुसवाही त्यात होताच!)

आजही दिवाळी सरली की या भागातील कितीतरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. बरोबर गर्भार सूनही असते. आई आणि सुईण गावात राहतात. अमृत आहार योजनेतले, २०१५ पासूनचे, तिच्या वाट्याचे एक वेळचे जेवणही गावच्या अंगणवाडीतच शिजते.