राजवाड्याच्या माथ्यावरचं सरपण

लडाखमधल्या मोठ्या गोंपाचा, म्हणजे बौद्ध मठाचा, कुठलाही फोटो नीट बघा. पांढरी भिंत वर जाता जाता किंचित आत कललेली असते आणि तिच्या माथ्यावर, छपराच्या लगेच खाली, काळपट तांबडा पट्टा फिरलेला असतो. थिकसेला तो आहे, हेमिसला आहे, ल्हासाच्या पोताला राजवाड्यावर तर फारच रुंद आहे. लांबून वाटतं, रंगाचा हात दिलाय. जवळ गेलं की दिसतात काटक्या. बोटाएवढ्या जाडीच्या असंख्य काटक्या साल काढून, वाळवून, जुड्या बांधून एकावर एक दाबून बसवलेल्या. छाटलेली टोकं बाहेर, आणि त्या टोकांवर तांबडा रंग. तिबेटी भाषेत याला पेनबे म्हणतात.

दगडामातीच्या एवढ्या दांडग्या इमारतीच्या डोक्यावर काटक्या का?

सकाळी लेहचा राजवाडा, मग शे, थिकसे आणि शेवटी हेमिस, असा सिंधूच्या काठाने जाणारा एका दिवसाचा ठरलेला रस्ता आहे. लेहचा नऊ मजली राजवाडा सेंगे नामग्यालचा, सतराव्या शतकातला. शे ही त्याआधीची राजधानी. हे सगळं कोणीही सांगेल. मला माझं उत्तर सापडलं ते थिकसेच्या गच्चीवर, आणि तेही खाली गावाकडे बघताना. गावातली घरं आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडल्या माळवदांसारखी, सपाट मातीच्या छपरांची. त्या छपरांच्या कडेकडेने वाळुंज आणि पॉप्लरच्या फांद्यांचं सरपण रचलेलं, शेजारी हिवाळ्यासाठी वाळवलेला चारा. टोकं रस्त्याकडे. खालून पाहिलं तर प्रत्येक घराच्या माथ्यावर काटक्यांचा पट्टा!

माझं म्हणणं असं, की पेनबे म्हणजे हेच सरपण. कायमचं झालेलं, रंगवलेलं आणि मान मिळालेलं. लडाखात झाडं मोजकी. पूर्वी चूल मुख्यतः शेणाच्या गोवऱ्यांवर चालायची, त्यामुळे लाकूड जपून ठेवायची वस्तू. माळवदावर भरगच्च रचलेलं सरपण म्हणजे घरात बरकत असल्याची खूण. शिवाय ते आपोआप कठड्याचं काम करतं आणि भिंतीच्या माथ्याची माती वितळत्या बर्फापासून राखतं. जे जाळायचं नाही आणि हलवायचंही नाही, ते कधीतरी कोणीतरी भिंतीतच बसवून टाकलं असणार.

याला प्रतिस्पर्धी मतं आहेत, आणि ती हलकी नाहीत. एक मत बांधकामाचं: काटक्या दगडापेक्षा हलक्या, म्हणून उंच भिंतीचा माथा हलका होतो, भूकंपात वाचतो. फायदा खरा आहे. पण त्याने प्रथा का टिकली ते कळतं, सुरू का झाली ते कळत नाही; माथा हलका करायला कच्ची वीटही चालली असती. दुसरं मत देवाचं. लडाखी घराच्या छपरावर ल्हातो असतो, म्हणजे ग्रामदेवतेचं किंवा कुलदेवतेचं ठाणं. त्यात वाळुंजाच्या, जुनिपरच्या फांद्यांची जुडी खोचलेली असते, आणि बऱ्याच ठाण्यांना तांबडा रंग दिलेला असतो. हे मत मला सहजासहजी झटकता येत नाही. म्हणून मी वाटणी करतो: रंग ल्हातोकडून आला, काटक्या सरपणाच्या ढिगाकडून. ल्हातोतली जुडी उभी असते. पेनबेतली काटकी आडवी, टोक बाहेर काढून झोपवलेली, अगदी सरपण रचतात तशी. मला हा पुरावा निर्णायक वाटतो.

पुढचा टप्पा प्रतिष्ठेचा. जुन्या तिबेटात पेनबे मठांना, राजवाड्यांना आणि अगदी वरच्या घराण्यांनाच शोभायचं. सामान्य माणसाने ते घरावर बांधायचं नाही. ज्याच्या माळवदावरून हे निघालं त्यालाच ते वर्ज्य झालं, हे मला या कुळकथेतलं सगळ्यात खटकणारं वळण वाटतं.

मग भूतान. तिथल्या झोंगांवर, म्हणजे किल्लेवजा मठांवर, आणि मंदिरांवरही तसाच तांबडा पट्टा आहे, केमार नावाचा. पण त्यात काटकी नाही, नुसता भिंतीवर दिलेला रंग. लेहला वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस, भूतानला त्याच्या कितीतरी पट. उघड्यावरच्या काटक्या तिथे कुजल्या असत्या. वस्तू गेली, खूण राहिली. भाजे लेण्यातल्या चैत्यगृहातही हेच दिसतं. तिथले दगडी खांब आत झुकलेले आहेत, कारण लाकडी मंडपाचे खांब तसे झुकवावे लागत. दगडाला त्याची काही गरज नव्हती.

थिकसेला गेलात तर मैत्रेयाची भव्य मूर्ती बघून लगेच परत फिरू नका. गच्चीवर जा, आधी माथ्याचा पट्टा जवळून बघा, मग खालची घरं. पट्ट्यातली काडी मात्र उपसू नका. एक निघाली की तिच्या शेजारच्या सैल होतात.