रामसे भयपट आणि सी. पी. बेरार सर्किट

रामसे भयपट : कमी खर्चात, मोठे नट न घेता, हवेली-स्मशान-सैतान या सामग्रीवर रामसे बंधूंनी काढलेले हिंदी भयपट आणि त्यांच्या वाटेने गेलेल्या इतर निर्मात्यांचे चित्रपट. भरभराटीचा काळ साधारण १९७२ ते १९९३. हे चित्रपट तयार होत मुंबईत, पण त्यांचा धंदा चाले तो मुख्यतः मुंबईबाहेर. रायपूर ज्या वितरणक्षेत्रात मोडते ते सी. पी. बेरार हे अशा क्षेत्रांपैकी एक. आज या चित्रपटांचे भक्त युरोप-अमेरिकेतही आहेत, आणि या चित्रपटांवर ग्रंथ निघाले आहेत. त्यांना आधी उचलून धरले ते मात्र निमशहरी गावांतल्या स्टॉलच्या प्रेक्षकाने, आणि त्याची दखल या चित्रपटांच्या इतिहासात फारच थोडी घेतली गेली आहे.

वितरणक्षेत्र. हिंदी चित्रपटांच्या व्यापाराने देशाचे जे भाग पाडले, त्यांतल्या अनेकांची नावे ब्रिटिश अमदानीतल्या प्रांतांवरून आली. सी. पी. बेरार म्हणजे मध्य प्रांत व वऱ्हाड. त्याची राजधानी नागपूर, आणि रायपूर त्याच प्रांतातले. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात आला, रायपूर मध्य प्रदेशात राहिले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ वेगळे होऊन रायपूर राजधानी झाले. वितरकांच्या हिशेबात मात्र विदर्भ आणि छत्तीसगढ एकाच सर्किटात राहिले. वितरक-प्रदर्शकांच्या सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचे मुख्य कार्यालय भुसावळला आहे. भुसावळ, नागपूर, रायपूर ही तिन्ही गावे मुंबई-हावडा लोहमार्गावरची, आणि प्रिंटच्या पेट्या रेल्वेने फिरत त्या काळात या गोष्टीला महत्त्व होते. छोट्या चित्रपटाच्या प्रिंट मोजक्याच निघत. मोठ्या केंद्रांवरून त्या लहान गावांच्या 'बी' आणि 'सी' सेंटरला जात, तोवर त्यांवर चरे उमटलेले असत, मधले तुकडे गळालेले असत. रायपुरात बाबूलाल, प्रभात, श्याम, राज अशी टॉकीज होती. रिक्षावर भोंगा, भिंतीवर हातभर अक्षरांचे पोस्टर आणि त्यावर 'केवळ प्रौढांसाठी'चा ठळक 'ए' एवढ्यावर अशा गावांत आठवड्याची गर्दी जमे.

रामसे कुटुंब. फतेहचंद रामसिंघानी, म्हणजेच रामसे, हे मूळचे कराचीचे. तिथे त्यांचे रेडिओचे दुकान होते. फाळणीनंतर ते मुंबईला आले आणि चित्रपटनिर्मितीत उतरले. त्यांच्या 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' (१९७०) या चित्रपटात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात, असा प्रसंग होता. चित्रपट पडला. त्यांच्या मुलांनी थिएटरात जाऊन पाहिले तेव्हा प्रेक्षक तेवढ्या प्रसंगासाठी येऊन बसत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. या एका निरीक्षणातून पुढची वीस वर्षे उभी राहिली. कुमार, केशू, तुलसी, किरण, श्याम, गंगू आणि अर्जुन या सात भावांनी कामे वाटून घेतली : कुमार पटकथा, गंगू छायाचित्रण, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन. 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) साठी सगळे कुटुंब महाबळेश्वरला जाऊन राहिले. सुमारे चाळीस दिवसांत चित्रण उरकले. खर्च साडेतीन लाखांच्या आसपास सांगितला जातो. त्यांचे तंत्र काटकसरीतून घडले : धूर, निळा-तांबडा प्रकाश, करकरणारा दरवाजा, आणि सेट लावण्याऐवजी मिळेल ती जुनी वास्तू.

'पुराना मंदिर' (१९८४) हा या परंपरेचा कळस. राजा हरिमानसिंह सामरी नावाच्या सैतानाचे मुंडके उडवतो. मुंडके पेटीत घालून हवेलीत ठेवले जाते आणि धड देवळामागे पुरले जाते. मरताना सामरीने दिलेला शाप असा की, राजाच्या घराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. पुढच्या पिढ्यांतली एक मुलगी प्रियकरासह त्या हवेलीत येते, भिंतीतली पेटी उघडते आणि धड-मुंडके जुळते. सामरी झालेला अनिरुद्ध (अजय) अग्रवाल हा रूरकीत शिकलेला अभियंता. त्याची अवाढव्य उंची आणि लांबोळका चेहरा हाच इथला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रभावी विशेष परिणाम होता. दिग्दर्शक त्याचा चेहरा लवकर दाखवत नाहीत. आधी पायांचा आवाज, मग लांब नखांचा हात, मग खालून पडलेल्या प्रकाशात तांबडे डोळे. लगेच पुढच्या रिळात जगदीप आणि ललिता पवार यांचे 'शोले'चे विडंबन सुरू होते. शहरी समीक्षकाला ही भेसळ खटकली. एका तिकिटात भीती, हसू, गाणी आणि थोडे अंगप्रदर्शन मागणाऱ्या प्रेक्षकाला ती हवीच होती, आणि माझ्या मते ती भेसळ म्हणजेच या चित्रपटांची कारागिरी होय. पुढे 'तहखाना' (१९८६), 'वीराना' (१९८८), 'पुरानी हवेली' (१९८९) आणि 'बंद दरवाजा' (१९९०) आले.

अनुयायी. मोहन भाक्री ('खूनी महल', 'कब्रस्तान'), विनोद तलवार ('रात के अंधेरे में', 'हत्यारिन') यांनी हाच मसाला आणखी कमी पैशांत वापरला. त्याखालचा थर हरिनाम सिंग यांच्या 'शैतानी ड्रॅक्युला' (२००६) सारख्या चित्रपटांचा. त्यांत प्रसंगाला प्रसंग जुळत नाही आणि मुखवट्याची कड उघड दिसते. काही ठिकाणी चालू खेळात सेन्सॉरबाह्य 'बिट' (अश्लील तुकडे) जोडले जात, आणि त्यामुळे कुटुंबे या चित्रपटांपासून दूर गेली. १९९३ मध्ये 'झी हॉरर शो' सुरू होऊन रामसे स्वतःच दूरचित्रवाणीवर आले. घरबसल्या भूत दिसू लागले आणि टॉकीजचा आधार सुटला.

भक्तवर्ग. पीट टॉम्ब्स यांच्या 'मोंडो मकाब्र' (१९९७) या ग्रंथाने आणि पुढे त्याच नावाच्या कंपनीच्या डीव्हीडींनी हे चित्रपट परदेशी रसिकांपर्यंत पोचवले. या जगावर बेतलेला अशीम अहलुवालियांचा 'मिस लव्हली' २०१२ साली कान महोत्सवात दाखवला गेला. शाम्य दासगुप्तांनी रामसेंचे चरित्र लिहिले (२०१७). 'सिनेमा मरते दम तक' (२०२३) या मालिकेत अशा चित्रपटांचे जुने दिग्दर्शक पुन्हा कॅमेऱ्यामागे उभे राहिले. आजच्या भक्ताला यांत ओबडधोबडपणाची, हाताने केलेल्या कामाची गोडी वाटते. मूळ प्रेक्षक हसत असे, शिट्ट्या मारत असे, पण सामरी आला की खरोखर दचकत असे. दोघांचे प्रेम खरे आहे. मूळ प्रेक्षकाचे अधिक निखळ, कारण ते खिशातले पैसे मोजून केलेले होते.

चेटकिणीची प्रतिमा. या चित्रपटांचा एक भाग छत्तीसगढात नुसती करमणूक म्हणून सोडून देता येत नाही. 'वीराना'तली नकिता पुरुषांना भुलवून मारते, तिला फाशी दिली जाते आणि तिचा आत्मा एका लहान मुलीत शिरतो. याच मुलखात जिवंत बायकांना 'टोनही' (चेटकीण) ठरवून मारहाण झाली, गावाबाहेर काढले गेले. हरेलीची रात्र, म्हणजे आपली आषाढी अमावास्या, तिथे टोनहीची रात्र मानली जाते. रायपूरचे नेत्रतज्ज्ञ डॉ. दिनेश मिश्र यांनी या समजुतीविरुद्ध गावोगाव मोहीम चालवली. २००५ साली राज्याने टोनही प्रताडना निवारण अधिनियम केला. एखादीला नुसते टोनही म्हणणे हाही त्यात गुन्हा ठरतो. ही समजूत चित्रपटांच्या फार आधीची आहे, तिचे खापर रामसेंवर फोडता येणार नाही. तरी पांढऱ्या साडीतल्या चुडैलीचे तेच ते रूप शेकडो खेळांतून दाखवणाऱ्यांनी या बायकांचा विचार केला नाही, हेही नोंदवायला हवे.

साधने. तुलसी रामसे २०१८ मध्ये, श्याम रामसे २०१९ मध्ये आणि छायाचित्रकार गंगू रामसे २०२४ मध्ये निवर्तले. चित्रपट उपलब्ध आहेत. ते कुठे किती आठवडे चालले याचे पुरावे विखुरलेले आहेत. नागपूर, अमरावती, रायपूर, बिलासपूर इथल्या बंद पडलेल्या टॉकीजच्या मालकांकडे किंवा जुन्या वितरकांच्या घरी रोजच्या विक्रीच्या वह्या, हँडबिले, पोस्टर शिल्लक असतील, तर ती रद्दीत घालू नयेत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी संपर्क साधावा.