पाच डॉलरचे शुल्क आणि सुप्याच्या बाजारातली कर्जखते

१. २९ सप्टेंबर २०११. बँक ऑफ अमेरिका या अमेरिकेतील बलाढ्य बँकेने जाहीर केले की, डेबिट कार्डाने खरेदी करणाऱ्या खातेदारांकडून पुढील वर्षापासून दरमहा ५ डॉलर शुल्क घेतले जाईल. अवघ्या ३३ दिवसांनी, १ नोव्हेंबरला, तिने तो निर्णय मागे घेतला. या माघारीमागच्या इतिहासाचा एक धागा कॅनडातून येतो, तर दुसरा बंगालच्या खेड्यांतून थेट पुणे जिल्ह्यातील सुपे गावच्या बाजारापर्यंत पोहोचतो. #थ्रेड

२. प्रथम ५ डॉलरचा हिशेब. ग्राहक दुकानात डेबिट कार्ड वापरतो, तेव्हा त्याच्या बँकेला दुकानदाराकडून प्रत्येक व्यवहारामागे काही रक्कम मिळते. अमेरिकेत ही रक्कम सरासरी ४४ सेंट होती. २००८ च्या आर्थिक संकटानंतर, २०१० मध्ये झालेल्या कायद्याने तिच्यावर मर्यादा घालण्याचे ठरवले. १ ऑक्टोबर २०११ पासून ही मर्यादा २१ सेंट अधिक व्यवहाराच्या ०.०५ टक्के इतकी झाली.

३. मोठ्या बँकांचे एक उत्पन्न घटणार होते. ती तूट खातेदारांकडून भरून काढण्याचा मार्ग त्यांनी शोधला. जेपी मॉर्गन चेस आणि वेल्स फार्गो या बँकाही काही भागांत दरमहा ३ डॉलरचे शुल्क प्रायोगिक तत्त्वावर घेऊ पाहत होत्या. दुकानदाराला दिलासा देणाऱ्या कायद्याचा भार असा सामान्य खातेदाराच्या माथी येऊ लागला.

४. रक्कम किरकोळ होती. संताप मात्र किरकोळ नव्हता. याच बँक ऑफ अमेरिकाला संकटकाळात सरकारी तिजोरीतून ४५ अब्ज डॉलरचे साहाय्य मिळाले होते. ते तिने पुढे परत केले, तरी लोकांच्या स्मरणातून ते गेले नव्हते. न्यूयॉर्कमध्ये ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’ आंदोलनाला १७ सप्टेंबरलाच प्रारंभ झाला होता. ‘आम्ही बुडत्या बँकेला तारले आणि आता आमचेच पैसे वापरायला आम्हीच शुल्क द्यायचे?’ असा तो सार्वत्रिक भाव होता.

५. वॉशिंग्टनमधील २२ वर्षांच्या एका तरुणीने या शुल्काविरुद्ध ऑनलाइन अर्ज सुरू केला. त्यावर तीन लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. लॉस एंजेलिसमधील एका कलादालनाच्या मालकिणीने आणखी पुढचे पाऊल टाकले. ५ नोव्हेंबरपर्यंत मोठ्या बँकांतील खाती बंद करून पैसे ‘क्रेडिट युनियन’मध्ये हलवावेत, असे आवाहन तिने केले. हा दिवस ‘बँक ट्रान्सफर डे’ म्हणून ओळखला गेला.

६. ‘क्रेडिट युनियन’ म्हणजे आपल्याकडच्या सहकारी पतसंस्थेचे अमेरिकी भावंड. येथे ठेवीदार हाच मालक असतो. ठेव दहा डॉलरची असो वा दहा हजारांची, सभासदाला मत एकच. नफा भागधारकांना वाटायचा नसल्यामुळे तो कमी व्याजाच्या किंवा कमी शुल्काच्या रूपाने सभासदांकडेच परततो. २०११ मध्ये अमेरिकेत अशा संस्थांचे ९ कोटींहून अधिक सभासद होते.

७. शिवाय १० अब्ज डॉलरहून कमी मालमत्ता असलेल्या संस्थांना कार्डशुल्काची नवी मर्यादा लागू नव्हती. म्हणून बहुतेक क्रेडिट युनियनांना सभासदांवर नवा भार टाकण्याचे कारणच नव्हते. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अंदाजानुसार एकट्या ५ नोव्हेंबरला सुमारे ४० हजार नवे सभासद दाखल झाले. मोठ्या बँकांनी मात्र तो दिवस उजाडण्यापूर्वीच माघार घेतली होती.

८. येथे एक प्रश्न उभा राहतो. सह्या तर अनेक अर्जांवर होतात. मग या वेळी बँका का नमल्या? कारण ग्राहकांना जाण्यासाठी दुसरे दार उघडे होते. ते दार एका रात्रीत उभे राहिलेले नव्हते. त्याच्या उभारणीमागे शंभर वर्षांहून अधिक काळाचे श्रम होते. आता त्या काळाकडे वळू.

९. १८६१ ते १८६५. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना होणारा अमेरिकी कापसाचा पुरवठा आटला. पश्चिम भारतातील कापसाचे भाव कडाडले. दख्खनमधील सावकारांनी शेतकऱ्यांना हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारने शेतसाऱ्याचे दर बरेच वाढवले. शेतकऱ्याला पैशाची गरज सर्वाधिक होती, तेव्हाच सावकाराने हात आखडता घेतला.

१०. त्यात एका कायद्याने विपरीत भर घातली होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानुसार कर्जखताची वैधता तीन वर्षांपुरतीच राहिली. व्याज वर्षानुवर्षे साचू नये, हा त्यामागचा हेतू. सावकारांनी पळवाट शोधली. दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घ्यायचे आणि त्यात थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचे. निरक्षर शेतकरी अंगठा उठवी आणि कर्ज चक्रवाढीने फुगत जाई.

११. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील कर्डे गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. त्याच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, त्याच्या शेतात राबायचे नाही, गावच्या बलुतेदारांनी त्याचे काम करायचे नाही. बहिष्काराचे हे लोण आसपासच्या गावांत पसरले.

१२. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे (आज बारामती तालुका) बाजार भरला होता. जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांना घेरले आणि कर्जखते व हिशेबाच्या वह्या मागितल्या. हाती आलेली खते जाळण्यात आली. काही ठिकाणी दुकानेही लुटली गेली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हा उद्रेक पसरला. बहुतेक ठिकाणी रोष माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता.

१३. सरकारने आयोग नेमला. १०० रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचे उदाहरण त्याच्यापुढे आले. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. कर्जखताच्या पाठीमागचा खरा व्यवहार तपासण्याचा आणि अवाजवी व्याज कमी करण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला. कर्जापायी होणाऱ्या तुरुंगवासापासूनही शेतकऱ्याला संरक्षण मिळाले.

१४. तरीही शेतकऱ्याची निकड संपली नाही. बियाणे, बैल आणि सारा यांसाठी पैसा लागतच होता आणि तो देणारा सावकाराखेरीज दुसरा कोणी नव्हता. नव्या कायद्याला वळसा घालून सावकार कर्जाऐवजी जमिनीचे खरेदीखतच लिहून घेऊ लागले. बहिष्कार, जाळपोळ आणि कायदा हे तिन्ही उपाय झाले. पर्यायी पेढी मात्र कोणी उभारली नव्हती.

१५. ही उणीव न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि पुण्यात न्यायाधीश असलेले विल्यम वेडरबर्न यांनी ओळखली होती. १८८० च्या दशकाच्या प्रारंभी पुरंदर तालुक्यात प्रयोगादाखल कृषी बँक काढण्याची योजना त्यांनी पुढे आणली. भारत सरकारने तिला अनुकूलता दर्शवली; पण लंडनमधून मंजुरी मिळाली नाही.

१६. दरम्यान जर्मनीत वेगळी वाट तयार झाली होती. ग्रामीण भागात महापौर असलेल्या फ्रीडरिश राइफायझन यांनी गावकऱ्यांच्या परस्पर जामिनकीवर चालणाऱ्या पतपेढ्या उभारल्या. एकटा शेतकरी कर्जासाठी निर्धन ठरतो. पण सारे गाव मिळून विश्वासार्ह ठरते, हे त्यामागचे सूत्र. मद्रास सरकारच्या सेवेतील फ्रेडरिक निकल्सन यांनी या पद्धतीचा अभ्यास करून १८९५ ते १८९७ दरम्यान सविस्तर अहवाल दिला.

१७. शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाची दख्खनच्या उठावापासून चालत आलेली चिंता, दुष्काळांचे तडाखे आणि हा अहवाल अशा अनेक कारणांतून मार्च १९०४ मध्ये भारतात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. दुसऱ्याच वर्षी मुंबई इलाख्यातील धारवाड जिल्ह्यात, गदगजवळच्या कणगिनहाळ येथे शेतकऱ्यांची पतसंस्था स्थापन झाली. बंगालमध्येही अशा संस्था गावोगावी उभ्या राहू लागल्या.

१८. आता १९०७ सालचा बंगाल. बॉस्टनचे धनाढ्य दुकानदार एडवर्ड फायलीन जगप्रवासात कलकत्त्याला पोहोचले. तेथे सहकारी संस्थांचे निबंधक डब्ल्यू. आर. गुर्ले यांच्याशी त्यांची भेट झाली. गावकऱ्यांनी स्वतः चालवलेल्या पतसंस्था फायलीन यांनी पाहिल्या. गरिबांना दान न देता पत मिळवून देता येते, ही कल्पना मनात घेऊन ते मायदेशी परतले.

१९. दुसरा धागा कॅनडाचा. आल्फोन्स देजार्दें हे ओटावाच्या संसदेत भाषणांचे लघुलेखन करीत. १८९७ मध्ये सावकारीवरील एक भाषण टिपताना ते अस्वस्थ झाले: माँट्रियालच्या एका माणसाला १५० डॉलरच्या कर्जापोटी ५,००० डॉलर व्याज भरावे लागले होते. पुढे युरोपातील सहकारी बँकांचा अभ्यास करून त्यांनी डिसेंबर १९०० मध्ये लेव्ही या गावी लोकांची पतपेढी काढली. तिच्यातील पहिली ठेव होती १० सेंट. पहिल्या दिवसाची एकूण जमा २६ डॉलर ४० सेंट.

२०. देजार्दें यांच्याच साहाय्याने नोव्हेंबर १९०८ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर येथे गिरणी कामगारांसाठी अमेरिकेतील पहिली क्रेडिट युनियन सुरू झाली. १९०९ मध्ये मॅसॅच्युसेट्सने अशा संस्थांसाठी कायदा केला. त्यामागे बँक आयुक्त पिअर जे, देजार्दें आणि फायलीन या तिघांचेही प्रयत्न होते. १९२१ पासून फायलीन यांच्या पैशावर आणि रॉय बर्जेंग्रेन यांच्या अथक दौऱ्यांवर ही चळवळ राज्याराज्यांत पोहोचली.

२१. जून १९३४ मध्ये, महामंदीच्या काळात, राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी क्रेडिट युनियनांच्या संघीय कायद्यावर स्वाक्षरी केली. २०११ मध्ये खातेदारांपुढे जे दुसरे दार उघडे होते, त्याची चौकट ही अशी घडली होती. दख्खनच्या शेतकऱ्याला बहिष्कारानंतर जाण्यासाठी जागा नव्हती. अमेरिकी खातेदाराला ती होती. दोन उठावांच्या फलितांतील अंतर बव्हंशी येथून आले.

२२. भारतातही शुल्काचा प्रश्न जुना झालेला नाही. स्टेट बँकेने किमान शिल्लक न राखल्याबद्दलचा दंड एप्रिल २०१७ पासून पुन्हा लागू केला. एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत त्यातून १,७७१ कोटी रुपये जमा झाले. ही रक्कम बँकेच्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीच्या नफ्याहूनही अधिक होती. सार्वत्रिक टीकेनंतर एप्रिल २०१८ पासून दंड ७५ टक्क्यांपर्यंत घटवण्यात आला आणि मार्च २०२० मध्ये तो पूर्णपणे रद्द झाला.

२३. येथे खातेदाराच्या हाती काही साधने आधीपासून होती. माहितीअभावी ती अनेकांनी वापरली नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २०१२ च्या निर्देशानुसार प्रत्येक बँकेने किमान शिलकीची अट नसलेले मूलभूत बचत खाते देणे बंधनकारक आहे. किमान शिलकीचा दंड तुटीच्या प्रमाणातच असावा आणि केवळ त्यापायी खाते उणे शिलकीत जाऊ नये, असे नियमही एप्रिल २०१५ पासून लागू झाले.

२४. तक्रारीसाठी १९९५ पासून बँकिंग लोकपालाची व्यवस्था आहे. २०२१ मध्ये तिला एकात्मिक रूप मिळाले. प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर असमाधानकारक असल्यास लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही. सुप्याच्या शेतकऱ्याला आपल्याच कर्जखतातला मजकूर वाचता येत नव्हता. आजच्या खातेदाराला शुल्काचे पत्रक वाचता येते. ते वाचून आक्षेप नोंदवणे ही पहिली पायरी ठरते.

२५. सहकार हा मात्र सर्व दुखण्यांवरचा हमखास उतारा नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि प्रारंभी ठेवीदारांना केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा राहिली. कर्जाचा फार मोठा भाग एकाच बांधकाम समूहाकडे अडकल्याचे व तो लपवला गेल्याचे तपासात पुढे आले. ‘एक सभासद, एक मत’ हे तत्त्व सभासद वार्षिक सभेला येऊन ताळेबंदावर प्रश्न विचारतात, तेव्हाच जिवंत असते.

२६. १८५९ चा कायदा असो वा २०१० चा, एक वाट अडली की पैसा दुसरी वाट शोधतो. म्हणून केवळ कायद्यावर विसंबणे अपुरे आणि केवळ संताप अल्पजीवी ठरला. हिशेब वाचणारा ग्राहक, दाद देणारी यंत्रणा आणि हातात असलेला पर्याय हे तिन्ही एकत्र आले, तेव्हा ३३ दिवसांत बलाढ्य बँक नमली. त्या पर्यायाची वीट न् वीट रचणाऱ्यांत ओटावाचा लघुलेखक होता, बॉस्टनचा दुकानदार होता आणि त्या दुकानदाराला वाट दाखवणारे बंगालच्या खेड्यांतील अनाम सभासदही होते.

#इतिहास #सहकार #दख्खनचा_उठाव