फ्रँकनमुथचं चर्च आणि 'कायमची' भाषा



डेट्रॉईटकडच्यांना फ्रँकनमुथ सांगायला नको. देशातून आईबाबा आले की एक चक्कर ठरलेलीच: ब्रॉनर्सचं नाताळचं दुकान, चिकन डिनर, घरी परत. गेल्या खेपेला मात्र बाबा सेंट लॉरेन्झ चर्चच्या दफनभूमीत रेंगाळले. जुने दगड बघून म्हणाले, "अरे, हे सगळं जर्मनमध्ये आहे!" घरी येऊन मी वाचत बसलो.

१८४५ साली जर्मनीतल्या फ्रँकोनियातून पंधराएक माणसं इथल्या जंगलात आली. त्यांना पाठवणारे पाद्री विल्हेल्म लोहे स्वतः अमेरिकेत कधीच आले नाहीत. हेतू असा, की या लुथरन गावाचं वागणं बघून आसपासचे ओजिब्वे लोक ख्रिस्ती व्हावेत. जमीन त्यांचीच होती, १८३७च्या तहात सरकारकडे गेलेली. पहिले पाद्री ऑगस्ट क्रेमर. १८४६च्या नाताळात ओंडक्यांचं चर्च उभं राहिलं. आजचं विटांचं १८८०चं.

मदतीला १८४७मध्ये आलेले बायरलाईन पुढे पश्चिमेला ओजिब्वे वस्तीत राहिले, त्यांची भाषा शिकले, मुलांसाठी वाचनाचं पुस्तकही केलं. आणि १८५३मध्ये त्यांची बदली झाली कुठे? आपल्या तमिळ मुलुखात! १८५५च्या तहानंतर ओजिब्वे इझाबेला काउंटीकडे सरकले. मूळ हेतू असा विरून गेला, चर्च मात्र वाढत राहिलं.

मला खरी चुटपूट लागली ती पुढच्या गोष्टीने. या मंडळींनी नियमातच लिहून ठेवलं होतं, की इथली भाषा कायम जर्मन राहील. गाव स्वतःचं, शाळा स्वतःची, दर रविवारी प्रवचन आपल्या भाषेत. आपल्याला यातलं काय आहे? महिन्यातून दोन रविवार मराठी शाळा आणि गणपती! तरीसुद्धा नातवंडं-पतवंडं इंग्रजीवर आलीच. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, त्यांच्या मिसुरी सिनडने नावातला 'जर्मन' शब्दही काढला.

ओजिब्वेंची गोष्ट मात्र वेगळी. माउंट प्लेझंटच्या सरकारी निवासी शाळेत (१८९३ ते १९३४) त्यांच्या मुलांची भाषा मोडून काढली गेली. एकाची भाषा हळूहळू सुटली, दुसऱ्याची हिसकावली. दोन्हींना 'गेली' हा एकच शब्द लावणं बरोबर नाही.

माझी लेक मराठीत विचारलेल्याचं उत्तर इंग्रजीत देते. हे वाचल्यापासून मी तिच्यावर चिडत नाही, पण मराठीत विचारणंही सोडलेलं नाही. फ्रँकनमुथमध्ये भाषा गेली तरी माणसं एकत्र येत राहिली, कारण त्यांना जोडणारं आणखी काहीतरी होतं. आपल्या मंडळात भाषेपलीकडे तसं काय आहे? मला अजून नीट सांगता येत नाही. तुम्हाला सुचलं तर जरूर लिहा.